ईस्टरसाठी पिल्लं, ससे आणि कोकरं: वसईतल्या १२० मॅकरॉनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एप्रिल २०२५ मधलं. वसई तालुक्यातल्या एका गावात माझी मैत्रीण घरून केक आणि चॉकलेट करून विकते. एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी आहे, ६० लिटरचा ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) आहे, मिक्सर आहे, आणि पाच वर्षांत जमलेली गिऱ्हाइकं आहेत. लिहायला तिने परवानगी दिली. नाव, गाव आणि चर्च तेवढं गाळ, म्हणाली. आकडे तिच्या वहीतून घेतलेत. त्यातले दोन दिवस मी स्वतः तिच्या ओट्यापाशी उभी होते, त्यामुळे बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

सोमवारी, ७ एप्रिलला तिला चर्चच्या धर्मशिक्षण वर्गाच्या बाईंचा फोन आला. ईस्टर रविवार २० तारखेला. सकाळच्या मिसानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम, १२० मुलं, प्रत्येकाला एक छोटी डबी. एरवी मार्झिपानची, म्हणजे सुकामेवा वाटून साखरेत घोटलेल्या मिठाईची, अंडी देतात. आपल्याकडे, मुंबईत आणि गोव्यातही, मार्झिपान बदामापेक्षा काजूचंच जास्त होतं, आणि ईस्टरला ती गुलाबी-हिरवी अंडी घरोघरी असतात. पण मुलं ती अर्धी खाऊन टाकून देतात, अशी बाईंची तक्रार होती. त्यांच्या भाचीने परदेशातून मॅकरॉनचे फोटो पाठवले होते: पिवळी पिल्लं, लांब कानांचे ससे, ढगासारखी कोकरं. "तुम्हाला जमेल ना हे?"

कोकराला आमच्याकडे अर्थ आहे, ते पास्काचं कोकरू, येशूच्या बलिदानाचं प्रतीक. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू म्हणजे थडग्यातून उठलेलं जीवन, हेही मुलांना वर्गात शिकवतात. ससा मात्र बायबलमधला नाही, तो जर्मन लोकांच्या रीतीतून आला. सतराव्या शतकातल्या जर्मन लिखाणात ईस्टरचा ससा अंडी आणतो असा उल्लेख सापडतो. ससा ठेवायचा का, यावर बाईंनी फादरांना विचारलं आणि मुलांना आवडतो म्हणून तो राहिला. पुढे सगळ्यात जास्त त्रास त्यानेच दिला.

मॅकरॉन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते, कारण गोंधळ नेहमीचा आहे. आपल्या बेकऱ्यांत मिळतो तो नारळाचा मॅकरून वेगळा. तुतिकोरीनचा प्रसिद्ध मॅकरून काजू, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचा, तो या फ्रेंच मॅकरॉनचा जवळचा नातेवाईक म्हणता येईल. फ्रेंच मॅकरॉनमध्ये बदामाचं बारीक पीठ, पिठीसाखर आणि फेटलेलं पांढरं एवढंच असतं. त्याचे दोन गोल शेल, मध्ये सारण. वरून गुळगुळीत, खाली चुण्या पडल्यासारखी कड. त्या कडेला बेकर मंडळी फीट म्हणतात, म्हणजे पाय. पाय आले नाहीत तर मॅकरॉन बिघडला.

अडचण

अडचण एक नव्हती, आणि सुरुवातीला ती दिसलीच नाही.

ऑर्डर घेण्याआधी मैत्रिणीने १० तारखेला रात्री चाचणी केली. एक लहान घाणा, बारा नग, तिन्ही प्राणी चार-चार. बेडरूममध्ये एसी चालूच होता, ट्रे तिथेच ठेवला. सुंदर झाले. फोटो काढून तिने बाईंना पाठवला आणि "हो" कळवून टाकलं. नगाला ६० रुपये, एकूण ७,२०० ठरले. चेहऱ्याशिवायचा मॅकरॉन ती ४५ ला देते, चेहऱ्याचे १५ वाढवले, अंदाजाने.

हा माझ्या मते पहिला निर्णयाचा क्षण. चाचणीने काय सिद्ध झालं? बारा नग, रात्रीच्या वेळी, एसीच्या खोलीत, केल्या केल्या खाऊन टाकले तर चांगले होतात, एवढंच. १४४ नगांना एका खोलीत जागा पुरेल का, ते फ्रिजमध्ये दोन दिवस राहिल्यावर कसे दिसतील, बाहेर काढल्यावर काय होईल, याचं उत्तर त्या बारा नगांत नव्हतं. बारातले बारा त्याच रात्री संपले होते.

१४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, घरात सगळे होते. मैत्रिणीने पहिला मोठा घाणा स्वयंपाकघरात घातला. तिची रोजची पद्धत फ्रेंच मेरिंगची: पांढरं फेटायचं, साखर थोडी थोडी घालत कडक करायचं, मग बदाम-साखरेत मिसळायचं. ट्रेवर आकार पाडले की ते उघड्यावर ठेवून वरचा थर सुकू द्यायचा असतो. बोट लावलं तर चिकटता कामा नये. हा सुका थर झाकणाचं काम करतो. भट्टीत वाफ वरून फुटू शकत नाही, खालून बाहेर पडते आणि तिथे पाय तयार होतात. थरच धरला नाही तर वाफ वरूनच वाट काढते.

त्या दिवशी ओट्यावरच्या आर्द्रतामापकावर ७६ टक्के होते. दीड तास झाला, बोट चिकटतच होतं. सशांचे कान डोक्यात वितळून गेले, कोकराच्या लोकरीचे गोळे एकमेकांत मिसळून नुसता चपटा पोळा झाला. तरी तिने ट्रे आत टाकला. बारा मिनिटांनी बाहेर आलं ते सगळं तडकलेलं, पाय नाहीत. अख्खा घाणा गेला. संध्याकाळी तिने मला फोन केला.

विचारात घेतलेले पर्याय

१५ तारखेला आम्ही बसलो तेव्हा हातात नेमके किती दिवस आहेत ते आधी मोजलं. बुधवार १६ पूर्ण मोकळा. गुरुवार १७ दुपारपर्यंत. संध्याकाळी प्रभूभोजनाची मिसा. शुक्रवार १८ उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), त्या दिवशी तिच्या घरी भट्टी पेटत नाही, हे ती कोणाशीही वाटाघाटीला काढत नाही. शनिवारी १९ ला तिचे नेहमीचे आठ केक आणि रात्री पास्काची मिसा. म्हणजे खरे कामाचे दिवस दीड.

सगळ्यात सोपा रस्ता मार्झिपानकडे परत जाण्याचा होता. काजूचं मार्झिपान तिच्या हातातलं, त्याचे प्राणी वळणं सोपं, दमट हवेत ते तडकत नाही. बाईंना फोन करून खरं सांगायचं आणि बदल करायचा. मी याच बाजूची होते. तिने ऐकलं नाही. मुलांना फोटो दाखवून झाले होते, म्हणाली. तेव्हा मला तो हट्ट वाटला. पण ऑर्डर देणाऱ्याला पाच दिवस आधी फोन करणं सोपं नसतं, हेही खरं.

प्राणी कमी करणं, म्हणजे फक्त पिल्लं, सगळी अंड्याच्या आकाराची, हा माझ्या मते सर्वात शहाणा पर्याय होता. तो आम्ही पाच मिनिटांत सोडून दिला. त्यावर जास्त वेळ घालवायला हवा होता.

उरला पद्धत बदलण्याचा मार्ग. मेरिंगचे तीन प्रकार. फ्रेंच सर्वात सोपं आणि सर्वात नाजूक. स्विसमध्ये पांढरं आणि साखर वाफेवर कोमट करून मग फेटतात. इटालियनमध्ये उकळता पाक फेटत्या पांढऱ्यावर बारीक धारेने ओततात. पाकाच्या उष्णतेने पांढरं अर्धवट शिजतं आणि फेस पक्का होतो. दमट हवेत इटालियन सर्वात टिकाऊ. पाक ११८ अंशांचा हवा. थर्मामीटर तिच्याकडे होता, पण आपल्या घरांत लाडू-वड्या करणारीला हे वेगळं शिकवावं लागत नाही: हा गोळीबंद पाक. थंड पाण्यात थेंब टाकला की बोटांत मऊ गोळी वळते, तोच.

मैत्रिणीने इटालियन निवडलं आणि सोबत जागा बदलली. सुकवणं सगळं बेडरूममध्ये, एसी ड्राय मोडवर, पलंगावरची गादी उभी करून पलंगाच्या फळीवर ट्रे. तिथे आर्द्रता ५२ टक्क्यांवर आली.

बदामाची अडचण

बुधवारी सकाळी, पहिला पाक चढायच्या आधी, बाईंचा पुन्हा फोन. एका मुलाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे, त्याच्या आईने आत्ताच सांगितलं. "त्याच्यापुरते बदामाशिवाय कराल का?"

बदामाऐवजी भोपळ्याच्या बियांचं पीठ वापरून मॅकरॉन करता येतात. मैत्रिणीने नाही म्हटलं. कारण तिने बाईंना जसं दिलं तसंच लिहिते: "बाई, माझ्या घरात आज किलोभर बदामाचं पीठ उडणार आहे. चाळणी तीच, मिक्सर तोच, हवा तीच. मी त्या लेकराच्या हातात माझ्याकडचं काहीही देणार नाही." तिने त्या आईचा नंबर घेतला, स्वतः बोलली. आईने तिच्या घरी साखरेची छोटी अंडी केली आणि मैत्रिणीने तिला एक कोरी डबी, तीच रिबीन आणि तेच पिल्लाचं चित्र अगोदरच पोचवलं. रविवारी त्या मुलाच्या हातातली डबी इतरांसारखीच दिसत होती. बाकी ११९ डब्यांवर "बदाम, अंडं, दूध" असं ठळक लिहिलं. वेष्टनावर हे घटक जाहीर करणं नियमातही आहे. पण नियम नसता तरी लिहिलं असतं.

या संपूर्ण प्रकरणातला हा निर्णय मला सर्वात स्वच्छ वाटतो. एकच खंत: हा प्रश्न ७ तारखेला, ऑर्डर घेताना तिनेच विचारायला हवा होता.

प्रत्यक्ष काम

एका घाण्याचं माप असं: बदामाचं पीठ १५० ग्रॅम, पिठीसाखर १५०, पांढरं ११० (त्यातलं निम्मं बदामात, निम्मं फेटायला), साखर १५० आणि पाणी ३८ यांचा पाक. यात या आकाराचे चोवीस जोड निघतात. प्राण्याला दोन घाणे, असे सहा. आपल्याकडच्या अंड्यातून पांढरं सुमारे ३० ग्रॅम निघतं, त्यामुळे एका घाण्याला चार अंडी. वाया गेलेला धरून अठ्ठावीस अंडी फुटली. बलक शेजारणीच्या कस्टर्डात आणि शनिवारच्या केकमध्ये गेले.

रंगांचा विचार मात्र खूप झाला. पाण्याचे रंग नकोत, ओल वाढते. पिल्लांसाठी मैत्रिणीने चिमूटभर हळद घेतली. एवढ्याशा हळदीची चव लागत नाही, शिवाय आत आंबा होता. फक्त शिळं पांढरं क्षारयुक्त असतं आणि हळद क्षारात लालसर होते; हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच प्रकार. म्हणून खबरदारी म्हणून पांढऱ्यात लिंबाचे चार थेंब टाकले. रंग अगदी पिल्लासारखा उतरला. कोकरांसाठी काहीच घातलं नाही. शुभ्र दिसावं म्हणून टायटेनियम डायऑक्साइड वापरतात, पण युरोपीय संघाने २०२२ मध्ये ते खाद्यपदार्थांतून काढून टाकलं, आणि मुलांच्या खाऊत ते नको असं तिचं म्हणणं. किंचित बदामी झाक राहिली. कोकरू तसंच असतं. सशांना कोको. कोकोतल्या स्निग्धांशाने फेस बसतो, म्हणून ते पीठ कमी वेळा कालवावं लागतं.

कालवणं, हे या पदार्थाचं मर्म. उलथन्याने पीठ उचललं की सलग पट्टी पडली पाहिजे आणि ती दहा-पंधरा सेकंदांत विरघळून सपाट झाली पाहिजे. प्राण्यांच्या आकारात ही अट अडते, कारण पीठ सपाट होणारं असेल तर कान राहत नाहीत. मैत्रिणीने सशांचं आणि कोकरांचं पीठ चार-पाच वळसे आधी थांबवलं. कानांना बारीक नोझल, कागदावर काढलेल्या चित्रावर बटर पेपर ठेवून आधी डोकं, मग दहा मिनिटं थांबून दोन कान. ती दहा मिनिटं महत्त्वाची. डोक्यावर पुसटसा थर आला की कान त्यात मिसळत नाहीत, पण चिकटतात. हे तिला तिसऱ्या ट्रेला सापडलं. पहिल्या दोन ट्रेंतले ससे जरा अस्वलासारखे झाले होते.

एसीच्या खोलीत थर पस्तीस-चाळीस मिनिटांत धरला. ओटीजीच्या डायलवर १५० होतं तेव्हा आतल्या थर्मामीटरवर १६५ दिसत होतं, म्हणून डायल खाली आणला. वरच्या बाजूला फॉइल लावली, नाहीतर कान आधी तपकिरी होतात. चौदा मिनिटं. पहिला ट्रे आत असताना आम्ही दोघी काचेपाशी वाकून बसलो होतो. सहाव्या मिनिटाला पिल्लाच्या कडेखाली बारीक चुणी दिसली, मग सगळ्या बाजूंनी तो शेल सरळ वर उचलला गेला, जसा कोणी खालून हलकेच हात लावावा. मैत्रिणीने माझा दंड घट्ट धरला होता, तो ट्रे बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

सारणं तीन. सशांत डार्क चॉकलेट. कोकरांत पांढरं चॉकलेट आणि भाजलेलं सुकं खोबरं. पिल्लांत हापूस. ताजा रस घातला असता तर शेलचा लगदा झाला असता, म्हणून रस कढईत आटवला, आंब्याच्या वडीला आटवतो तितका नाही, पण डाव ओढला की तळ दिसेल इतका. अर्धा किलोचा दोनशे ग्रॅम झाला. तो पांढऱ्या चॉकलेटमध्ये. चॉकलेट तिने क्रीमच्या तिप्पट ठेवलं, एप्रिलच्या उकाड्यात त्याहून पातळ गनाश (चॉकलेट-क्रीमचं सारण) टिकत नाही.

गुरुवारी दुपारी सगळे जोड भरून झाले: ४४ पिल्लं, ४६ कोकरं, ४६ ससे.

चेहरे कधी काढायचे

इथे प्रकरणाचा मुख्य वळणबिंदू आहे, आणि त्या वेळी तो वळणबिंदू वाटला नाही.

भरलेला मॅकरॉन लगेच खायचा नसतो. तो चोवीस तास तरी फ्रिजमध्ये ठेवला की सारणातली ओल शेलमध्ये उतरते, आतून मऊ आणि वरून पातळ कुरकुरीत होतो. म्हणजे गुरुवारी फ्रिजमध्ये जाणं भागच होतं. प्रश्न एवढाच: चेहरे त्याआधी की नंतर?

मैत्रिणीने विचार केला तो असा. शुक्रवारी काम नाही. शनिवारी आठ केक आहेत आणि रात्री मिसा. मग मोकळा वेळ गुरुवारी रात्रीच. मिसाहून नऊला परतली आणि एक वाजेपर्यंत बसून तिने पिल्लांचे डोळे, सशांचे डोळे आणि मिशा खाद्यशाईच्या पेनाने काढल्या. पिल्लांच्या चोची तेलातल्या नारिंगी रंगाच्या पांढऱ्या चॉकलेटच्या. कोकरांची तोंडं मात्र वेगळी केली: डार्क चॉकलेटचे लंबगोल ठिपके चिकटवून त्यावर पांढऱ्या चॉकलेटचे डोळे, कारण पेन लोकरीच्या उंचसखल भागावर नीट चालत नव्हता. कॅलेंडर बघता हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. तिन्ही प्राणी तीन घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये गेले.

शनिवारी दुपारी चार वाजता मी पोचले. केक संपले होते. तिने तिन्ही डबे ओट्यावर ठेवले आणि झाकणं एकदमच उघडली. स्वयंपाकघरात ३१ अंश, आर्द्रता ७२. पाच मिनिटांत पिल्लांवर घाम आल्यासारखे थेंब जमले. मग एका पिल्लाच्या डोळ्यातून काळी रेघ गालावर उतरली. मग दुसऱ्याच्या. आम्ही बघत राहिलो आणि एका ओळीतली सगळी पिल्लं काळं पाणी गाळायला लागली.

कारण साधं आहे. अशा हवेत सुमारे २५ अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. फ्रिजमधला मॅकरॉन पाच अंशांचा असतो. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटतं तसं. पेनाची शाई पाण्यात विरघळणारी. चॉकलेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून कोकरांवर थेंब होते तरी तोंडं जशीच्या तशी होती. उत्तर त्याच ओट्यावर, तिसऱ्या डब्यात होतं.

सावरण्याचे पर्याय

झाकणं लगेच लावून तिन्ही डबे बेडरूममध्ये नेले. एसी २४ अंशांवर, आर्द्रता पन्नाशीत. तिथे दव तेरा अंशांच्या खालीच धरतं, म्हणजे डबे बंद ठेवूनच आतला माल तेवढा तापू द्यायचा आणि मग उघडायचे. दीड तास. त्या दीड तासात आम्ही ठरवायचं ते ठरवलं.

तसेच द्यायचे, हे तिने ऐकूनही घेतलं नाही. नवे शेल करायचे तर रात्रीच्या मिसाला जाता येणार नव्हतं, आणि त्यांना फ्रिजची चोवीस तासांची मुदत मिळणार नव्हती. डागावर चॉकलेटचा मोठा डोळा काढायचा, तर रेघ गालापर्यंत गेलेली.

तिच्या बारा वर्षांच्या मुलीने एक पिल्लू हातात घेऊन उलटं केलं. "आई, मागची बाजू चांगली आहे की."

मॅकरॉनला दोन शेल असतात. दोन्ही एकाच चित्रावरून पाडलेले, अंड्याचा आकार डावी-उजवीकडे सारखा, म्हणून उलटं केलं तरी पिल्लूच. खालचा शेल ट्रेला टेकलेला होता, त्यावर शाई नव्हती. आम्ही चोची सुरीच्या टोकाने उचलल्या, मॅकरॉन उलटे केले, वितळलेल्या चॉकलेटने चोची पुन्हा बसवल्या आणि डोळे दातकोरणीच्या टोकाने डार्क चॉकलेटचे काढले. तपकिरी सशांवर शाई फारशी दिसत नव्हती. कोरड्या टिश्यूने नुसतं टिपून पांढऱ्या चॉकलेटचे डोळे दिले. पण त्यांचे शेल मऊ झालेले, सहांचे कान हातात आले. सहा पिल्लांची दुसरी बाजूही डागाळली होती. कोकरं पंख्याखाली चाळीस मिनिटांत कोरडी झाली.

साडेआठला शेवटची डबी बंद झाली. ३८ पिल्लं, ४६ कोकरं, ४० ससे. एकशे चोवीस. मैत्रीण साडी नेसून रात्रीच्या मिसाला वेळेत पोचली.

परिणाम

रविवारी ११९ डब्या वाटल्या गेल्या. डबे एसीच्या खोलीतून रिक्षाने थेट हॉलमध्ये नेले, पुन्हा फ्रिजमध्ये ठेवले नाहीत. आंब्याची पिल्लं सर्वात आधी संपली. मुलांनी आपापसांत अदलाबदल सुरू केल्यावर बाईंनी त्या एका मुलाला आपल्या शेजारी बसवून घेतलं, ही दक्षता आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आली नव्हती.

हिशेब असा. साहित्य, डब्या आणि वीज मिळून सुमारे ४,२०० रुपये खर्च. उरले ३,०००. वहीत नोंदलेले तिचे एकटीचे तास ४१. तासाला ७३ रुपये. एका नगामागे वीस मिनिटं, तीही माझा आणि मुलीचा वेळ न धरता. भाव ठरवताना तिने साहित्याचा आणि "चेहऱ्याचे पंधरा" एवढाच विचार केला होता. चेहऱ्याचं काम पंधरा रुपयांचं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

यावर आम्ही नंतर दोनदा बोललो आणि आमचं पूर्ण एकमत नाही.

तिचं म्हणणं, चूक एकच, पेन. चॉकलेटचे डोळे गुरुवारीच काढले असते तर काहीच झालं नसतं. मला ते अपुरं वाटतं. चॉकलेटचे डोळे टिकले असते, पण पाणी सुटून शेल चिकट झालेच असते आणि सशांचे कान गेलेच असते. मूळ चूक क्रमाची होती. ज्या पाककृती आपण पाहतो त्या थंड, कोरड्या स्वयंपाकघरात लिहिलेल्या असतात. तिथे सजवून फ्रिजमध्ये ठेवलं आणि बाहेर काढलं तर काही होत नाही. वसईत, अलिबागला, रत्नागिरीला, गोव्यात क्रम उलटा हवा: भरणं, फ्रिज, बंद डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ देणं, आणि मग चेहरे. त्यासाठी शनिवारची संध्याकाळ मोकळी लागते, म्हणजे केक कमी घ्यावे लागतात, म्हणजे ते ७ तारखेलाच ठरवावं लागतं.

चाचणीबद्दल दोघींचं एकमत आहे. बारातले चार नग सजवून, दोन रात्री फ्रिजमध्ये ठेवून, भर दुपारी ओट्यावर उघडले असते तर १२ एप्रिललाच सगळं कळलं असतं. चार नगांची किंमत.

भाव तिने वाढवला आहे. प्राण्याच्या नगाला आता ९५ सांगते आणि एका ऑर्डरला दोनच प्राणी. ऑर्डरच्या वहीत पहिल्याच ओळीला ॲलर्जीचा रकाना आला आहे. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे पंधरा दिवस आधी आणि हवा जरा बरी. त्यासाठी बाईंनी पिल्लं आणि कोकरं सांगितली.

ससा तिने सोडलेला नाही. कान पिठाचे न करता चॉकलेटच्या पातळ पट्टीचे कापून सारणात खोचावेत, असं तिच्या मनात आहे. मला वाटतं ते उकाड्यात वाकतील. त्याची चाचणी अजून व्हायची आहे.